कणीक, वाळू आणि तबकडी

कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी बुवा टाळकऱ्यांशी दोन शब्द बोलत असतात, श्रोते सतरंजीवर सरसावून बसत असतात, आणि मृदंगी मात्र खाली मान घालून मृदंगाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, भिजवलेली कणीक थापीत असतो. हे दृश्य आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? आमच्या परभणी जिल्ह्यात, जनाबाईच्या गंगाखेडपासून अगदी आडवळणाच्या खेड्यातल्या मारुतीच्या पारापर्यंत, ते आजही दिसते. मृदंगी चिमूटभर कणीक लावतो, थाप मारतो, कान देतो. पुन्हा चिमूटभर काढतो, पुन्हा थाप मारतो. लहान मुलांना त्याची गंमत वाटते आणि मोठ्यांना सवयीमुळे काहीच वाटत नाही.

पण वाचकहो, ही कणीक म्हणजे आहे तरी काय? वाद्याची जी थरथर नको ती शमवायची आणि जी हवी ती राखायची, असे ते औषध आहे. चामड्यावर ओझे आले म्हणजे ते सावकाश हलते, स्वर खाली उतरतो. आणि कणीक मऊ असल्यामुळे चामड्याचा भरकटलेला गुंजारव स्वतःच्या अंगात जिरवून घेते. आज मुंबई-पुण्याला, लंडन-न्यूयॉर्कला काही हौशी मंडळी आपल्या घरच्या स्टिरिओ यंत्राखाली दगड, रबर, वाळू, स्प्रिंगा आणि चिकणमातीसारखे लगदे लावून त्याचा आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या खटपटीत असतात. त्यांना कोणी वेडे म्हणते, कोणी रसिक. मी त्यांना मृदंग्याचे दूरचे भाऊबंद समजतो. या खटपटीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि त्यात एक प्रश्न असा आहे की, जो केवळ यंत्रापुरता राहत नाही.

प्रथम आपल्या वाद्यांकडेच पाहू. कोणतेही साधे गोल चामडे ताणून बडविले तर त्यातून सूर निघत नाही, गोंगाट निघतो. कारण त्याच्या अंगात एकाच वेळी उठणारे निरनिराळे कंप एकमेकांशी सुरेल नाते ठेवीत नाहीत. मूळ कंपाच्या दुप्पट, तिप्पट असे ते नसतात. दीडपटीहून थोडे अधिक, दुपटीहून थोडे अधिक, असे विसकटलेले असतात. म्हणून ढोल दणाणतो, पण गात नाही. तबला मात्र गातो. का गातो, याचा शास्त्रीय उलगडा चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केला. नोबेल पारितोषिक १९३० सालचे. त्याच्या दहा वर्षे आधी, १९२० मध्ये, शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी आपल्या चर्मवाद्यांवर एक टिपण ‘नेचर’ या विलायती नियतकालिकात छापले आणि १९३४ मध्ये तोच विषय विस्ताराने मांडला. तबल्याच्या पुडीच्या मध्यभागी जो काळा गोल असतो, ज्याला आपण शाई म्हणतो, त्याच्या ओझ्यामुळे चामड्याचे पहिले नऊ प्रकारचे कंप पाच सुरेल स्वरांच्या ओळीत येऊन बसतात, असे त्यांनी दाखविले. लोखंडाची पूड आणि खळ यांचे थरावर थर देऊन, दगडाने घासघासून शाई भरणाऱ्या कारागिराला हे गणित कोणी शिकविले नव्हते. त्याने ते कानाने सोडविले होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा कान हीच त्याची प्रयोगशाळा.

तंबोऱ्याची गोष्ट याच्या उलट. तेथे थरथर शमवायची नसते, फुलवायची असते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली की तार घोडीच्या वक्र पाठीवर नाचू लागते आणि एका तारेतून स्वरांचा मोहोर फुटतो. रामन यांनी १९२१ मध्ये याही चमत्काराचा अभ्यास केला. आपल्या मिरजेचे तंबोरे याच कसबासाठी देशभर नावाजले आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तात्पर्य असे की, कोणती थरथर ठेवावी आणि कोणती मारावी, हा विवेक आपल्या कारागिरांपाशी यंत्रयुगाच्या आधीपासून होता.

आता यंत्राकडे वळू. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बोलता केला. बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीची कल्पना मांडली. १९०२ च्या नोव्हेंबरात गायझबर्ग नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे कर्ण्यापुढे मुद्रित केले. त्या तबकड्या छापून येत जर्मनीतील हॅनोव्हरहून. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. गंमत अशी की, तबकडीसाठी लागणारी लाख मूळची आपल्याच देशातली. आपली लाख परदेशी जाई आणि आपलेच गाणे अंगावर कोरून घेऊन परत येई!

त्या चावीच्या ग्रामोफोनमध्ये विजेचा संबंध नव्हता. पोलादी सुई तबकडीच्या खाचेतून धावे, तिची थरथर अभ्रकाच्या पातळ चकतीला मिळे, आणि चकतीची थरथर कर्ण्यातून बाहेर पडे. म्हणजे हे यंत्र अंतर्बाह्य थरथरीवरच जगणारे. पण पेटीत स्प्रिंगची मोटार फिरत असे, तिची घरघर सुईपर्यंत पोचता कामा नये. म्हणून मोटारीच्या स्क्रूखाली रबराच्या चकत्या आणि तबकडीखालच्या थाळीवर बनातीचे अस्तर असे. अभ्रकाची चकतीही मोकळी सोडून चालत नसे. तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबराची बारीक नळी बसविलेली असे. हे रबर नवे असेपर्यंत आवाज गोड. ते वाळून कडक झाले की चकती कडेशी खडखडू लागे आणि गवयाच्या घशाला फुकट दोष लागे.

आमच्या आजोबांच्या वेळची अशी एक पेटी आमच्या माळ्यावर होती. ती मी खाली काढली तेव्हा गाण्यापेक्षा कुरकुरच अधिक ऐकू येई. गावातल्या एका सायकलवाल्याने ती उघडून पाहिली आणि म्हणाला, ‘‘रबर म्हातारं झालंय बघा, गुरुजी. म्हातारपणी माणूस बी कुरकुरतंच की!’’ त्याने सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती बारीक ट्यूब मापाने कापून चकतीच्या कडेला बसविली. पेटीने खाकरून घसा साफ केल्यासारखा आवाज दिला आणि मग गाऊ लागली. दोन-चार रुपयांच्या रबराने काय होते याचा तो मला मिळालेला पहिला धडा.

१९२५ मध्ये मुद्रण विजेवर होऊ लागले. कर्ण्यात तोंड घालून ओरडण्याची गवयाची शिक्षा संपली. मायक्रोफोन आला, त्याच्यापाठोपाठ ध्वनिवर्धक आला. १९४८ मध्ये मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी निघाली आणि १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. येथून आपल्या कथेला वळण लागते. जुन्या पेटीची सुई शंभर ग्रॅमांहून अधिक भाराने तबकडीवर बसे. नव्या यंत्राची सुई दीड-दोन ग्रॅमांनी टेकते. खाच मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी रुंद. सुईपासून निघणारी वीज व्होल्टच्या काही हजारांश भागांएवढी; ती कितीतरी पटींनी वाढवावी तेव्हा खोलीभर गाणे होते. गाण्याबरोबर जी कोणती थरथर सुईला लागेल तीही तितक्याच पटीने वाढते. त्यातून आणखी एक मेख अशी की, खाचेत जागा वाचावी म्हणून तबकडी छापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबून कोरतात आणि ऐकताना यंत्र ते पुन्हा फुगविते. १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार अगदी खालचे कंप मधल्या स्वरांच्या मानाने सुमारे नऊपट फुगतात. पावलांचा धपका, मोटारीची घरघर, आगगाडीचा हादरा हे सगळे नेमके त्याच खालच्या पट्टीत राहणारे!

स्टिरिओने या दुखण्यात भर घातली. साध्या एकपदरी तबकडीत गाणे असते ते सुईच्या आडव्या हालचालीत. तिच्यासाठी बनविलेली सुई वरखाली हलली तरी ती हालचाल बहुतेक मुकीच राहते. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंतींवर दोन पदर कोरलेले, म्हणून सुईची आडवी आणि उभी अशा दोन्ही हालचालींना वाणी फुटते. आणि जमिनीतून येणारा हादरा तर मेजाला वरखालीच हलवितो. शिवाय ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज भिंतीला, मेजाला हलवून पुन्हा सुईपाशी येतो, पुन्हा वाढतो, आणि एखाद्या वेळी सगळे यंत्र बैलासारखे हंबरू लागते. घरोघरच्या हौशी लोकांनी दगड, रबर आणि वाळू जमविण्यास सुरुवात केली ती या शत्रूशी झुंजण्यासाठी.

त्यांचे शेकडो उपाय मी वाचले, काही करून पाहिले. माझ्या मते सगळ्यांचे मूळ तिनांतच आहे: भार, झोका आणि कणीक.

भार म्हणजे यंत्राखाली वजन. जड वस्तू सहजासहजी हलत नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व. झोका म्हणजे यंत्र स्प्रिंगवर किंवा रबरावर टांगते ठेवणे. पाळण्याला आपल्या गतीने हलविले तर तो मोठा झोका घेतो. पण कोणी हात लावून भराभर थरथरविला तर पाळण्यातले मूल जागचे हलत नाही. अमेरिकेत एडगर व्हिलचर याने १९६१ मध्ये हे तत्त्व वापरून एक साधे, स्वस्त यंत्र बाजारात आणले. त्यात थाळी आणि सुईचा दांडा हे दोन्ही एकाच आतल्या चौकटीवर बसविले होते आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगत होती. चालू यंत्राच्या पेटीवर हातोडी मारून दाखवीत, तरी सुई उडत नसे. पुढच्या कितीतरी नामांकित यंत्रांनी हाच पाळणा उचलला.

तिसरा उपाय कणकेचा, म्हणजे थरथर जिरविण्याचा. इंग्लंडात यॉर्कशायरमधील गिल्बर्ट ब्रिग्ज या ध्वनिवर्धक बनविणाऱ्या गृहस्थाने पन्नाशीच्या दशकात लाकडाच्या दोन पातळ फळ्यांमध्ये वाळू भरून पेट्या केल्या. फळी थरथरू लागली की वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि थरथरीची शक्ती त्या घर्षणात, किंचितशा उष्णतेत, विरून जाते. पुढे सत्तरीच्या दशकात बीबीसीच्या संशोधकांनी तर जाडजूड पेट्यांचा आग्रहच सोडला. त्यांनी पातळ प्लायवूडची पेटी घेऊन तिला आतून डांबरासारख्या पदार्थाचे थर लावले. पेटी थरथरायची ती थरथरो, पण कानाला खुपणार नाही अशा रीतीने आणि थोडाच वेळ, असा त्यांचा हिशेब. शाई भरणाऱ्याचा हिशेब याहून निराळा आहे काय?

माझे घर रेल्वेच्या रुळांपासून फार दूर नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हैदराबाद-मनमाड हा मीटरगेजचा लोहमार्ग आमच्या मुलुखातून गेला; आज त्या जागी ब्रॉडगेजचे रूळ आहेत आणि मालगाड्या पूर्वीपेक्षा लांब आणि जड झाल्या आहेत. त्यात आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे घर कधी संपूर्ण स्थिर म्हणून नसतेच. हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला रेकॉर्ड प्लेअर मी लाकडी मेजावर ठेवला तेव्हा घरात कोणी लगबगीने चालले तरी ख्यालाच्या आलापात ढमढम ऐकू येई. मी मेजावर शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला. त्याने ध्वनिवर्धकाचा हंबरडा कमी झाला, पावले मात्र ऐकू येतच राहिली. मग लहान मुलाच्या सायकलची ट्यूब अर्धवट फुगवून फरशीखाली घातली. म्हणजे भार वर आणि झोका खाली. मेजावर टिचकी मारली, धपका मारला, गाणे स्वस्थ. संध्याकाळची मालगाडी गेली, गाणे स्वस्थ. ध्वनिवर्धक ठेवण्यासाठी तेलाचे दोन रिकामे डबे गोदावरीच्या वाळवलेल्या वाळूने भरले. एरवी टणटणणारे डबे मुके झाले. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले की, दिवाळीच्या चकल्या आता कशात ठेवायच्या?

येथवर सगळे ठीक. परंतु या छंदाला एक निसरडी पायरी आहे आणि इतिहासाने ती ओळखून ठेवली पाहिजे. रेकॉर्ड प्लेअरला थरथर बाधते हे खरे, कारण सुई हे थरथर पकडण्याचेच साधन आहे. पण ज्या यंत्रात सुई नाही, हलणारे काही नाही, अशा ॲम्प्लिफायरखालीही हजारो रुपयांचे पाय, तारांखाली लाकडाचे ठोकळे, असा बाजार आज फोफावला आहे. आणि ‘फरक ऐकू येतो’ असे शपथेवर सांगणारे पुष्कळ आहेत. ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. पैसे मोजल्यावर कानही कृतज्ञ होतो! म्हणून पडद्याआडची परीक्षा हवी. मी मुलीला सांगितले, ‘‘मी पाठ करून बसतो. तू मनाला येईल तेव्हा फरशी ॲम्प्लिफायरखाली घाल, मनाला येईल तेव्हा काढ, आणि कागदावर लिहून ठेव.’’ रविवारची दुपार या खेळात गेली. माझी उत्तरे आणि तिचा कागद यांचा मेळ नाणेफेकीपेक्षा बरा नव्हता. तीच फरशी रेकॉर्ड प्लेअरखाली घालून मुलीला खोलीत चालायला लावले, तेव्हा मात्र एकही उत्तर चुकले नाही. ‘‘बाबा, ह्याला काय परीक्षा म्हणायची? हे तर कोणीही सांगेल!’’ ती म्हणाली. तेच तर खरे प्रमाण, की कोणीही सांगावे.

मृदंग्याचा मोठेपणा येथे लक्षात येतो. तो कणीक लावतो ती कोणाच्या प्रशस्तिपत्रावर विसंबून नव्हे. समोर बुवांचा षड्ज असतो, त्याच्याशी थाप जुळली की हात थांबतो. ब्रिग्जनेही हेच केले. १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने हजारो श्रोत्यांसमोर जिवंत वादकांना आपल्या ध्वनिवर्धकांच्या शेजारी बसविले आणि आधी खरे वादन, मग मुद्रित वादन ऐकवून ‘तुम्हीच ठरवा’ म्हटले. जिवंत स्वराशी ताडून पाहण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्या वाळूवर विश्वास ठेवावा.

भाराविषयीही एक कडू सत्य सांगितले पाहिजे. आमच्या मराठवाड्याची जुनी माळवदाची घरे गाणे ऐकायला फार छान असत. रुंद भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. आवाज घुमत नसे, पत्र्यासारखा खणखणत नसे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत त्याच भिंती आणि तीच माती झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. हजारो जीव गेले. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. मोठी माणसे पुढे कित्येक रात्री अंगणात बाजा टाकून निजत आणि माळवदाकडे भीतीने पाहत, हे मला आठवते. वजन घराला शांत करते, पण ते बांधून धरलेले नसेल तर वैरी होते. त्यानंतर सिमेंट आणि पत्रे आले. आज आमची घरे अधिक सुरक्षित आहेत आणि अधिक घुमतात. हा सौदा कोणीही शहाणा माणूस आनंदाने करील.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? भीमसेन जोशी यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरीची तबकडी त्यांच्या कानी पडली, आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, तो मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. त्या दुकानातल्या यंत्राखाली कोणी वाळू घातली नव्हती. हा आक्षेप मला मान्य आहे, किंबहुना प्रिय आहे. स्वर सच्चा असेल तर खरखरीतूनही माणसाला घराबाहेर काढतो. पण खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्या दिवशीची तबकडी नवी होती. आज आपल्या माळ्यांवर आहेत त्या झिजलेल्या आहेत, आणि पुन्हा गायला गवई येणार नाही. झिजलेल्या खाचेत जे थोडे उरले आहे त्यावर आपल्या घराची घरघर चढू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था हे जतनाचे काम निष्ठेने करीत आली आहे. पण घराघरांतल्या माळ्यांपर्यंत कोणतीही संस्था कोठवर पोचणार?

म्हणून या दिवाळीत साफसफाई करताना आजोबांची पेटी आणि तबकड्यांची चळत हाती लागली तर ती भंगारवाल्याच्या तागडीत टाकू नका. लाखेच्या तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई लावा. बोथट सुई खाच खाते. लाँगप्ले तबकडीला ती जुनी पेटी चुकूनही लावू नका. अभ्रकाच्या कडेचे रबर कडक झाले असेल तर जवळच्या सायकलवाल्याला दाखवा. यंत्राखाली एक फरशी, फरशीखाली थोडी हवा भरलेली ट्यूब, एवढ्यात आपल्यासारख्या प्रपंची माणसाचे काम भागते. मग पाडव्याच्या पहाटे, फटाके सुरू होण्यापूर्वी, घरातल्या सर्वांना जरा स्वस्थ बसवून एक तबकडी लावा. आपल्या जन्माच्या कितीतरी आधी कोणी एक गवई कर्ण्यापुढे किंवा मायक्रोफोनपुढे उभा राहून जीव ओतून गायला होता. त्याचा षड्ज आपल्या खोलीत लागतो की नाही, ते तुमचे कानच तुम्हाला सांगतील.